सटवाईचा लेख आणि टाचेतला थेंब

मूल जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात फार जुनी आहे. गोदाकाठच्या नांदेडात काय किंवा मांजरेच्या खोऱ्यातील लातुरात काय, पाचवीची पूजा अजून होते. पाटा-वरवंटा मांडला जातो आणि पुष्कळ घरांत बाळाच्या उशाशी कोरा कागद व लेखणी ठेवण्याचा परिपाठ आहे. या समजुतीची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. ज्या काळी घरोघर पाळण्यातली मुले कारण न कळता दगावत, त्या काळी आईबापांना ते दुःख सोसण्यासाठी कशाचा तरी आधार हवा होता. तो त्यांनी शोधला एवढेच.

परंतु गेल्या शतकात कागदाचा दुसराही एक उपयोग निघाला. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की त्याच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचे चार थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, कागद सुकवायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. काही जन्मजात व्याधी त्या डागांवरून ओळखू येतात. त्या वेळेवर ओळखल्या तर त्यांतील काहींचा पुढचा सारा अनर्थ टाळता येतो. हा कागद कसा जन्मास आला आणि नांदेड-लातूरच्या बाळांशी त्याचा संबंध काय, याचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. आपण खातो त्या अन्नाचे शरीरात अहोरात्र रूपांतर चाललेले असते. त्याला चयापचय म्हणतात. हे काम करणारी द्रव्ये म्हणजे विकरे. डॉक्टरमंडळी त्यांना एन्झाइम म्हणतात. पाटाच्या पाण्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना पुढची गोष्ट सहज कळेल. कालव्यावरील एखादे दार उघडेनासे झाले म्हणजे दोन अनर्थ होतात. वरच्या अंगाला पाणी तुंबून जमीन चिबड होते आणि खालच्या अंगाची पिके वाळतात. एखादे विकर जन्मतःच सदोष असले की शरीरात हेच घडते. ज्याचे रूपांतर व्हावयाचे ते द्रव्य साचून मेंदूला वा यकृताला विषासारखे बाधते आणि जे तयार व्हावयाचे ते होत नाही. एका विकारात आईचे दूधच बाळाला मानवत नाही, कारण दुधातील शर्करेचा एक भाग त्याला पचवता येत नाही. दुसऱ्या एका विकारात बाळाच्या लघवीला गुऱ्हाळावर काकवी करपल्यासारखा वास येतो आणि थोड्याच दिवसांत मूल मलूल होऊन बेशुद्धीत जाते. असे शेकडो विकार आज ज्ञात आहेत. एकेक घेतला तर विरळा, पण सर्वांची बेरीज विरळा नाही.

प्रत्येक विकर घडविण्याची सूचना आपल्यापाशी दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली व दुसरी धड असेल तर माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात, आणि आपण वाहक आहोत हे त्याच्या गावीही नसते. नवराबायको दोघेही एकाच दोषाचे वाहक असले तरच प्रश्न उभा राहतो. मग प्रत्येक बाळंतपणात चारांत एक या प्रमाणात बिघडलेल्या दोन्ही प्रती मुलाच्या वाट्यास येण्याचा संभव असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

या साध्या हिशेबाचे सामाजिक मोल फार मोठे आहे. लागोपाठ दोन-तीन मुले दगावली, की आमच्याकडे दोष कोणाच्या माथी मारला जातो हे सांगावयास नको. सुनेची कूस वाईट ठरते, तिचा पायगुण काढला जातो, अंगारे-धुपारे होतात आणि अखेर मुलाचे दुसरे लग्न लावण्याची भाषा सुरू होते. शास्त्र सांगते की या विकारांपैकी बहुतेकांत बापाचा वाटा आईइतकाच असतो, ना अधिक ना उणा. शंभराहून अधिक वर्षे झाली हे कळून; पण घराघरांत ते अजून पोहोचलेले नाही.

हे कळले ते आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज वैद्याच्या चिकाटीमुळे. काही माणसांची लघवी हवेत राहिली की काळी पडते. हा विकार तसा फार घातक नव्हे. पण गॅरडने त्याचा पिच्छा सोडला नाही. अशा मुलांच्या एका घरात नवे बाळ जन्मावयाचे होते. त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवण्यास त्याने परिचारिकांना सांगितले आणि तिसऱ्या दिवशी लंगोटांवर काळे डाग दिसले. म्हणजे विकार मागाहून जडलेला नव्हता, तो जन्माबरोबर आला होता. अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांचे चुलत-मावस किंवा आते-मामे भावंडे असतात, हेही त्याच्या ध्यानी आले. 1902 साली त्याने हा विचार प्रसिद्ध केला आणि 1908 सालच्या आपल्या व्याख्यानांत अशा विकारांना ‘चयापचयाच्या जन्मजात चुका’ हे नाव दिले. हे शास्त्र प्रथम व्याख्यानमालेतूनच लोकांपुढे आले, याची व्याख्यानांच्या श्रोत्यांस मौज वाटेल.

पुढची पायरी नॉर्वेत पडली, आणि ती एका आईमुळे. तिची दोन्ही मुले मतिमंद होती व त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येई. डॉक्टरांनी हात टेकले तरी ती माऊली विचारीत राहिली. अखेर 1934 साली आस्ब्यॉर्न फॉलिंग याने मुलांच्या लघवीत लोहाचा एक क्षार टाकला, तो ती हिरवी झाली. फेनिलअ‍ॅलनिन नावाचे प्रथिनातील द्रव्य त्या मुलांना पचत नव्हते. 1953 साली बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल व त्याच्या सहकाऱ्यांनी ते द्रव्य जवळजवळ काढून टाकलेला आहार एका मुलीला देऊन तिच्यात सुधारणा झाल्याचे दाखविले. तेथेही मुलीच्या आईने दवाखान्याचा उंबरठा झिजवून डॉक्टरांना भंडावून सोडले होते. अशा जन्मजात व्याधीला आहाराने उपाय असू शकतो हे तेव्हा दिसून आले. परंतु त्याच वेळी एक कठोर सत्यही कळले. मेंदूची जी हानी झाली ती भरून येत नाही. उपाय करावयाचा तर लक्षणे दिसण्यापूर्वी केला पाहिजे. आणि लक्षणे दिसत नसताना रोग ओळखावयाचा तर सरसकट प्रत्येक बाळ तपासले पाहिजे.

ही अडचण अमेरिकेत रॉबर्ट गथ्री याने सोडविली. त्याचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि एका भाचीला हाच विकार होता. टिपकागदावर सुकलेल्या रक्ताची बारीक चकती कापून ती जंतूंच्या थरावर ठेवायची; रक्तात ते द्रव्य फाजील असेल तर चकतीभोवती जंतू वाढतात, नसेल तर वाढत नाहीत. इतकी स्वस्त युक्ती की ती कोठेही करता यावी. 1963 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने प्रत्येक नवजात बालकाची अशी तपासणी कायद्याने आवश्यक केली. पुढे 1970 नंतरच्या दशकात कॅनडात थायरॉइड ग्रंथीच्या उणिवेसाठी तोच कागद वापरला जाऊ लागला. 1990 च्या सुमारास रेणूंचे वजन करणाऱ्या जोड-यंत्राने एका चकतीतून अनेक विकार एकदम हुडकण्याची वाट मोकळी केली. कागद मात्र तोच राहिला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. 1948 पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि तेथे स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 साली. देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, निलंगा या पट्ट्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या भाषा एकमेकींच्या अंगणात नांदतात. जशा भाषा तशाच विवाहाच्या रीतीही. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथात दाखविले आहे की, उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत आते-मामे भावंडांचे आणि काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न रूढ, आणि महाराष्ट्र या दोन रीतींच्या मधे. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणारी घरे आहेत. आत्याबाईच सासू होते. तेलंगणाच्या सीमेवर काही घरांतून बहिणीची लेकही सून म्हणून नव्हे, तर बायको म्हणून घरात येते.

या रीतीला कारणे नव्हती असे नाही. शेताचा तुकडा घरात राहतो, देण्याघेण्याचा बोजा हलका होतो आणि लेक ओळखीच्या उंबरठ्याआड जाते. ज्या मुलखाने राज्येही बदलताना पाहिली आणि दुष्काळही सोसले, त्याने नात्यावर भिस्त ठेवली यात नवल काय? परंतु रक्ताचा हिशेब निराळा आहे. आते-मामे भावंडांत पूर्वजांकडून आलेला एक अष्टमांश वारसा समान असतो. एखाद्या दोषामुळे दहा हजारांत एक बाळ आजारी होत असेल, तर आते-मामे भावंडांच्या संततीत तेच प्रमाण गणिताने सुमारे चौदाशेत एक इतके वाढते. मामा-भाचीच्या संततीत त्याहूनही अधिक. अशा जोडप्यांपैकी बहुतेकांची मुले निरोगीच असतात, हेही तितकेच खरे. म्हणून भीती घालणे बरोबर नाही आणि दडविणेही बरोबर नाही. शिवाय ज्यांच्यात नात्यात लग्न होत नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. लहानशा पोटजातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या की नकळत सारेच दूरचे भाऊबंद होतात. संघवी आणि मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. वसंत खानोलकर यांनी 1950 साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. जातीच्या भिंती रक्तापर्यंत कशा पोहोचतात, याचा तो आमच्या इलाख्यातला एक आरंभीचा अभ्यास होय.

तो लेख ज्या इंग्रजी नियतकालिकात आला त्याच्या नावात ‘सुप्रजनन’ हा शब्द होता. 1954 साली ते नाव टाकून मानवी आनुवंशिकीचे नाव घेण्यात आले. यामागे मोठी शोकांतिका आहे. निकोप वंशाच्या नावाखाली युरोप-अमेरिकेत माणसांवर अत्याचार झाले आणि शास्त्राला मान खाली घालावी लागली. आपल्याकडेही असा एक धडा मिळाला आहे. गर्भजल काढून व्याधी ओळखण्याची पद्धत आली ती दुःख टाळण्यासाठी. आणि 1970 नंतरच्या काळात ती मुली नाहीशा करण्यासाठी राबविली गेली. महाराष्ट्राने 1988 साली यावर कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य होय. 1994 साली केंद्राचा कायदा झाला. त्याच कायद्याने गर्भाची तपासणी ज्या मोजक्या कारणांसाठी मान्य केली, त्यांत चयापचयाच्या आनुवंशिक व्याधींचा स्पष्ट उल्लेख आहे. एकच सुई तारक आणि मारक कशी होऊ शकते, हे मराठवाड्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आनुवंशिक तपासणीचा निष्कर्ष गुप्त राहिला पाहिजे, आणि वाहक असणे हे कोणा मुलीच्या सोयरिकीआड येता कामा नये. वाहक असणे हा रोग नव्हे. तसे पाहिले तर आपण सगळेच कशाचे ना कशाचे वाहक आहोत.

हिंदुस्थानात ही तपासणी मोठ्या प्रमाणावर प्रथम बंगळूरला झाली. 1980 पासून तेथील भारतीय विज्ञान संस्थेच्या अप्पाजी राव प्रभृतींनी पुढील काही वर्षांत जवळजवळ एक लाख बाळांचे रक्त तपासले. गोव्याने 2008 साली सरकारी पातळीवर नवजात बालकांची तपासणी सुरू केली. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई, हैदराबाद, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता या पाच केंद्रांत मिळून 1,04,066 बाळे तपासली. जन्मजात थायरॉइडची उणीव दर 1,130 बाळांत एकाला आढळली. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारण तीन-चार हजारांत एक असे धरले जाई. आमच्याकडील आकडा त्याच्या दुपटीहून अधिक निघाला.

या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33,61,292 आणि लातूर जिल्ह्याची 24,54,196 होती. दर हजारी पंधरा जन्म धरले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला सुमारे 87,000 बाळे होतात. आणि पाच केंद्रांतले प्रमाण त्यांना लावले तर 77 बाळांना ही उणीव असावी. हे नुसते त्रैराशिक आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. परंतु मोजणी व्हावी असे वाटण्यास ते पुरेसे आहे. ही उणीव बहुधा ग्रंथी नीट न घडल्याने येते आणि आनुवंशिक नसते. काही बाळांत मात्र ग्रंथी असूनही तिच्यातील विकर सदोष असते, आणि तो दोष आईबापांकडून आलेला असतो. कारण कोणतेही असो, औषध एकच. थायरॉक्सिनची लहानशी गोळी कुस्करून आईच्या दुधातून रोज द्यायची. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखे शाळेत जाते. सहा महिने उशीर झाला तर तीच गोळी शरीर वाढविते, पण गेलेली बुद्धी परत आणीत नाही. असे बाळ पहिल्या महिन्यात शांत असते, फार रडत नाही, फार झोपते. आणि घरची मंडळी म्हणतात, किती गुणी लेकरू आहे! या कौतुकातच ते मोलाचे दिवस निघून जातात.

मग अडते कोठे? ज्ञान नाही असे नाही, संस्था नाहीत असेही नाही. नांदेडला 1988 पासून आणि लातूरला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालकांच्या जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तो महाराष्ट्रातच, पालघर येथे. 2019 साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आनुवंशिक व्याधींच्या निदानासाठी केंद्रे काढली. त्यांतले एक हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. 2021 च्या दुर्मीळ व्याधींच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि हैदराबादच्या संस्था विशेष केंद्रे म्हणून नेमल्या गेल्या, आणि 2022 साली अशा रुग्णासाठी मदतीची मर्यादा 50 लाख रुपये करण्यात आली. नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबाद मुंबईहून कितीतरी जवळ. राज्याची सीमा 1956 साली बदलली, पण आजाऱ्याची वाट बदलली नाही. येथील आईबाप अजून त्याच वाटेने रेल्वेत बसतात.

अडते ते मधल्या साखळीत. कागदावर थेंब घेणे ही तिची पहिली कडी. साध्या बाळंतपणानंतर बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते आणि नमुना घ्यावयाचा तो साधारण 48 ते 72 तासांत. म्हणजे घाईने सुटी झाली की थेंब राहिलाच. पुढे आमच्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंदवहीत पत्ता माहेरचा असतो, सव्वा महिन्याने बाळ सासरी जाते, आणि ‘फेरतपासणीस या’ असा निरोप आला तर तो आजोळच्या दारात पडून राहतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना तर सहा-सहा महिने पत्ताच नसतो. शिवाय पहिली तपासणी ही चाळणी असते, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या पुष्कळशा बाळांना काहीच झालेले नसते. हे समजावून न सांगता नुसता निरोप धाडला, तर घरात रडारड होते किंवा कोणी फिरकतच नाही.

या साखळीच्या कड्या जुळविणारी माणसे मात्र गावोगाव आहेत. आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरल्या तारखांना जावे, असा नियमच आहे. तिसऱ्या दिवशी ती घरात येतेच. राहिलेला थेंब त्याच वेळी घेता यावा आणि फेरतपासणीचा निरोपही तिनेच माहेराहून सासरी पोहोचवावा, अशी सोय करणे अशक्य नाही. त्यासाठी तिला शिकवण आणि मोबदला दोन्ही दिले पाहिजेत. प्रयोगशाळा फार दूर, ही सबबही आम्हांस पटत नाही. 2016 च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर आगगाडीने पाणी आणले गेले. पहिल्याच फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. एवढे पाणी ज्यांना रुळांवरून आणता आले, त्यांना पोस्टाच्या पाकिटात मावणारा कागद प्रयोगशाळेपर्यंत नेता येऊ नये काय?

आरंभ लहानच करावा. शेकडो व्याधींची यादी हाती घेऊन बसण्यापेक्षा, जिचे औषध कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते अशा थायरॉइडच्या उणिवेपासून दोन्ही जिल्ह्यांतील सरकारी प्रसूतिगृहांनी सुरुवात करावी. ज्या घरात एक मूल कारण न कळता दगावले आहे किंवा मागे पडले आहे, त्या घरच्या पुढील बाळंतपणापूर्वी आईबाप दोघांचीही आनुवंशिक तपासणी व सल्ला मोफत व्हावा, आणि तो नवऱ्याला बायकोशेजारी बसवून दिला जावा. त्या एका बैठकीने पुष्कळ सुनांच्या माथ्यावरचा कलंक पुसला जाईल. पुढे अनुभव येईल तशी यादी वाढवावी.

गॅरडपासून गथ्रीपर्यंत साठ वर्षे गेली. गथ्रीच्या कागदाला आता साठांहून अधिक वर्षे झाली. शोध लागण्यास जेवढा काळ लागला, तेवढाच तो आपल्या दाराशी येण्यास लागला असे म्हणावे, तर तो अजून दाराबाहेरच उभा आहे. त्याला आत घेणे हे शास्त्रज्ञांचे काम नव्हे. ते काम नांदेड-लातूरच्या जिल्हा परिषदांचे, तेथील डॉक्टरांचे आणि आईबापांचे आहे.